ड्यूक ऑफ वेलिंग्टन : वऱ्हाडांतून गेलेला एक स्वार

अकोला जिल्ह्यांत, तेल्हारा तालुक्यांत, सातपुड्याच्या पायथ्याकडील काळ्याभोर जमिनींत अडगांव नांवाचें एक गांव आहे. कापसाच्या व ज्वारीच्या शेतांतून जाणाऱ्या वाटसरूला तेथें मुद्दाम थांबावें असें कांहीं वाटणार नाहीं. परंतु इंग्रजांच्या इतिहासग्रंथांत हेंच नांव आर्गाम असें वेडेंवांकडें होऊन बसलें आहे, आणि ज्या सेनापतीच्या चरित्रांत तें येतें, त्यानेंच पुढें बारा वर्षांनीं वॉटर्लूच्या रणांगणावर नेपोलियनचा पराभव केला. आमच्या विद्यार्थिबंधूंना वॉटर्लूची तारीख पाठ असते. अडगांवची मात्र क्वचित् एखाद्यालाच ठाऊक असते. आमच्या दाराशीं घडलेली गोष्ट आम्हांस दूरच्या गोष्टीइतकीही ठाऊक नसावी, याची थोडी लाज वाटूनच आम्हीं हा लेख लिहावयास घेतला आहे.

ड्यूक ऑफ वेलिंग्टन या पुरुषाचीं चरित्रें लहानमोठीं पुष्कळ आहेत. त्याच्या लढायांचे नकाशे, त्याचीं पत्रें, त्याचें राजकारण हें सर्व विद्वानांनीं चाळून काढलें आहे. आम्ही येथें त्याचें चरित्र त्याच्या घोड्यांच्या बाजूनें सांगणार आहों. असें करण्यास कारण आहे. ज्या इंग्रज लोकांनीं घोड्याची शर्यत, घोड्याची गाडी आणि घोड्याचें चित्र या तिन्ही गोष्टी एखाद्या शास्त्राप्रमाणें जोपासल्या, त्यांच्यांत हा वाढला. आणि त्याची आठवण लोकांनीं जतन केली ती बरीचशी घोड्यांच्याच रूपानें.

आर्थर वेलस्ली याचा जन्म १७६९ सालीं आयर्लंडांत एका सरदार घराण्यांत झाला. बाप १७८१ सालीं वारला. घरांत मान होता, पण पैसा बेताचाच. ईटनच्या प्रसिद्ध शाळेंत त्यास घातलें, तेथें अभ्यासांत त्याची कांहींच चमक दिसली नाहीं. थोरला भाऊ रिचर्ड हुशार, आणि हा मात्र अबोल, एकलकोंडा, सारंगीसारखें व्हायोलिन वाजवीत बसणारा! मातोश्रींना या मुलाची मोठी चिंता वाटे. अखेर १७८६ सालीं त्यास फ्रान्स देशांतील आंजे या गांवीं अश्वारोहणाच्या राजशाळेंत पाठविलें. तेथें तो फ्रेंच भाषा बोलावयास शिकला आणि घोड्यावर नीट बसावयास शिकला. पुढें जन्मभर ज्या देशाशीं तो लढला, त्याच देशानें त्यास रिकिबींत पाय ठेवावयास शिकविलें, हा योग मोठा मौजेचा आहे. १७८७ सालीं त्याला लष्करांत जागा मिळाली. कांहीं वर्षांनीं त्यानें आपलीं व्हायोलिनें जाळून टाकलीं, व पुन्हा तें वाद्य हातीं धरलें नाहीं, असें सांगतात.

१७९७ च्या फेब्रुवारींत तो आपल्या ३३ व्या पलटणीबरोबर कलकत्त्यास उतरला. दुसऱ्याच वर्षीं थोरला भाऊ गव्हर्नर जनरल होऊन आला, आणि धाकट्याचा मार्ग सोपा झाला, हें कबूल केलेंच पाहिजे. परंतु मार्ग सोपा झाल्यावर त्यावरून चालावें कसें, हें त्याचें तो शिकला. १७९९ सालीं श्रीरंगपट्टण पडल्यावर म्हैसूरचा कारभार त्याच्याकडे आला. तेथें त्यानें एक गोष्ट हेरली. या देशांत युद्ध जिंकावयाचें तर तोफा, दारूगोळा व तांदूळ हीं घोड्याच्या चालीनें नव्हे, तरी त्याच्या मागोमाग गेलीं पाहिजेत. आणि तीं नेणारें जनावर म्हणजे बैल. टिपूच्या घराण्यानें जोपासलेली अमृतमहाल जातीची खोंडें त्यास मिळालीं. सडपातळ, काटक, लांब शिंगांचीं हीं जनावरें तोफा घेऊन दौडत असत. त्या काळच्या त्याच्या पत्रांतून शौर्यापेक्षां बैलांचा व तांदळाचाच उल्लेख जास्त सांपडतो. आमच्या शेतकरी पालकांना यांत नवल वाटणार नाहीं. इंग्रज सेनापतींना मात्र तें नवीन होतें.

याच काळांत डायोमीड नांवाचा अरबी घोडा त्याच्याकडे आला. तो मूळचा कर्नल ॲस्टन नांवाच्या अंमलदाराचा. ॲस्टन १७९८ सालीं एका द्वंद्वयुद्धांत घायाळ झाला, आणि मरतांना त्यानें आपला आवडता घोडा वेलस्लीच्या हवालीं केला. १८०० सालीं धोंडिया वाघ या बंडखोर सरदाराचा त्यानें महिनोन् महिने पाठलाग केला व सप्टेंबरांत त्याला गांठून ठार केलें. धोंडियाच्या सामानांत त्याचा लहान मुलगा सलाबतखान सांपडला. त्या पोराच्या पालनपोषणाची तजवीज वेलस्लीनें स्वतः केली, व हिंदुस्थान सोडतांना त्याच्यासाठीं पैसे ठेवून गेला. कठोर म्हणून गाजलेल्या मनुष्याच्या चरित्रांत असा एखादा कोपरा आढळला म्हणजे आम्हांस बरें वाटतें.

१८०२ च्या अखेरीस दुसऱ्या बाजीरावानें वसईस इंग्रजांशीं तह केला, व मराठ्यांच्या राज्याचा गळफास आवळला गेला. बाजीरावास पुन्हां गादीवर बसविण्यासाठीं वेलस्ली म्हैसुराहून निघाला. पुणें जाळलें जाणार अशी वार्ता लागतांच शेवटचे साठ मैल त्यानें आपल्या घोडेस्वारांसह बत्तीस तासांत तोडले व २० एप्रिल १८०३ रोजीं शहर गांठलें. आगस्टांत अहमदनगरचा किल्ला पडला. २३ सप्टेंबर रोजीं, सध्यांच्या जालना जिल्ह्यांतील आसई येथें, कैलना व जुई या नद्यांच्या मध्यें शिंदे व भोसले यांची प्रचंड सेना अकस्मात् त्याच्यासमोर आली. वाटाड्ये म्हणाले, नदीला उतार नाहीं. वेलस्लीनें दुर्बिणींतून पाहिलें, तों नदीच्या दोन्ही तीरांवर समोरासमोर दोन गांवें दिसलीं. एवढीं जवळ गांवें वसलीं आहेत, तेव्हां माणसें एकमेकांकडे जात येत असलींच पाहिजेत, आणि मग उतारही असलाच पाहिजे, असा त्यानें तर्क केला. तर्क खरा ठरला. आमच्या भूगोलाच्या तासाला ही गोष्ट अवश्य सांगावी असें आम्हांस वाटतें.

त्या दिवशीं त्याच्या मांडीखालचा एक घोडा गोळी लागून पडला. मग तो डायोमीडवर बसला, तर डायोमीडच्या अंगांत भाला शिरला. सायंकाळीं मैदान वेलस्लीच्या हातीं आलें, परंतु त्याच्या लहानशा फौजेंतील दीड हजारांहून अधिक माणसें मेलीं अथवा जखमी झालीं. मराठ्यांचे गोलंदाज तोफांपाशींच उभे राहून मेले, हें शत्रूनेंही मान्य केलें आहे. वॉटर्लू जिंकल्यानंतरही, म्हातारपणीं आपली उत्तम कामगिरी कोणती असें कोणीं विचारलें असतां तो आसईचेंच नांव घेई.

आतां आपण आपल्या वऱ्हाडांत आलों. २९ नोव्हेंबर १८०३ रोजीं नागपूरकर रघूजी भोसल्यांचे बंधु व्यंकोजी ऊर्फ मन्याबापू यांची फौज, आणि तिच्या बाजूस शिंद्यांचे घोडेस्वार, अडगांवच्या पुढील मैदानांत ओळीनें उभे होते. वेलस्लीचें सैन्य दिवसभर चालून थकलेलें होतें. दुपार कलल्यावर तें ज्वारीच्या उंच पिकांतून पुढें सरकूं लागलें. इतक्यांत मराठ्यांच्या तोफा सुरू झाल्या. तोफा ओढणारे बैल बुजून उधळले, ते मागच्या पायदळांत शिरले, आणि जे शिपाई दोन महिन्यांपूर्वीं आसईच्या आगींतून गेले होते, तेच पाठ फिरवून पळूं लागले. वेलस्ली जवळच होता म्हणून बरें. त्यानें न ओरडतां त्यांस एका आडोशास नेलें, ओळी पुन्हां लावल्या, आणि परत पुढें आणलें. सूर्य मावळतां मावळतां लढाईचा निकाल लागला, व चांदण्यांत घोडेस्वारांनीं पाठलाग केला. ३८ तोफा इंग्रजांच्या हातीं लागल्या. इंग्रजांकडील सुमारें साडेतीनशें माणसें पडलीं वा जखमी झालीं. दुसऱ्या बाजूचीं त्याहून कितीतरी अधिक. जखमींसाठीं अचलपुरास रुग्णालय उघडण्यांत आलें.

यापुढची गोष्ट गाविलगडाची. चिखलदऱ्यास सहलीला गेलेल्या आमच्या मुलांनीं तो पाहिलाच आहे. दक्षिणेकडून कडा इतका सरळ कीं मुंगीनेंही विचार करावा! म्हणून कर्नल स्टीव्हन्सनची तुकडी मेळघाटांतून वळसा घालून उत्तरेकडून वर गेली. ७ डिसेंबरपासून १२ डिसेंबरपर्यंत, जेथें पाऊलवाटही धड नव्हती, तेथें झाडें तोडून व दगड फोडून रस्ता करीत त्या लोकांनीं जड तोफा नेल्या. पुष्कळ ठिकाणीं माणसांनींच दोर खांद्यावर घेऊन त्या ओढल्या. या कामास घोडा निरुपयोगी होता. १५ डिसेंबरला तटाला खिंडार पडलें, कॅप्टन कॅम्बेल व त्याची टोळी शिडी लावून आंतला तट चढून गेली, आणि किल्लेदार बेणीसिंग लढतां लढतां पडला. दोनच दिवसांनीं देवगांवास भोसल्यांशीं, व ३० डिसेंबरला सुर्जी-अंजनगांवास शिंद्यांशीं तह झाला. हीं दोन्ही गांवें आपल्या अमरावती जिल्ह्यांतलीं.

देवगांवच्या तहानें वर्धा नदीच्या पश्चिमेचें वऱ्हाड भोसल्यांकडून निघून निजामाकडे गेलें. ज्या कुणब्याच्या शेतांतून तोफा गेल्या, त्याला कोणीं विचारलें नाहीं. त्याचा धनी बदलला एवढेंच त्याला मागाहून कळलें. वेलिंग्टनचें थोरपण सांगतांना ही बाजू झांकून ठेवणें आम्हांस बरोबर वाटत नाहीं. तो आपल्या शिपायांच्या पोटाची काळजी घेणारा, लूट आवरणारा, दिलेला शब्द पाळणारा सेनापति होता. परंतु तो येथें आला होता तो दुसऱ्याचें राज्य मोडावयास, आणि तें काम त्यानें फार चांगलें केलें.

१८०५ सालीं तो स्वदेशीं निघाला. वाटेंत त्याचें जहाज सेंट हेलिना बेटावर थांबलें. दहा वर्षांनीं नेपोलियनला कैदी म्हणून ज्या बेटावर आणावयाचें होतें, तेथें त्याला जिंकणारा आधींच राहून गेला! पुढें पोर्तुगाल व स्पेन या देशांत १८०८ ते १८१४ पर्यंत तो फ्रेंचांशीं लढला, व ड्यूक झाला. तेथेंही लढाईच्या दोन मोसमांमध्यें तो शिकारी कुत्र्यांचा कळप बाळगून कोल्ह्यामागें घोडा फेंकीत असे. या शिकारीच्या छंदाला नांवें ठेवणारे ठेवोत. घोड्यावर दिवस दिवस बसण्याची त्याची संवय मोडली नाहीं ती यामुळेंच.

वॉटर्लूस ज्या घोड्यावर तो होता, त्याचें नांव कोपनहेगन. रंगानें तांबूस, म्हणजे आपल्याकडचे जाणते ज्यास सुरंग म्हणतील तसा. त्याचा जन्म १८०८ चा. त्याची आई कोपनहेगनच्या वेढ्यांत एका सेनापतीच्या स्वारीची घोडी होती, म्हणून त्यास हें नांव पडलें. बापाकडून तो एक्लिप्स नांवाच्या घोड्याचा नातू. हा एक्लिप्स १७६४ सालीं जन्मला, आणि शर्यतींत तो कधींच हरला नाहीं. आजोबाचा वेग नातवांत उतरला नाहीं. शर्यतींत कोपनहेगननें फारसें नांव मिळविलें नाहीं. परंतु न थकण्याचा गुण त्याच्या अंगीं अपार होता.

एक्लिप्सचें नांव निघालें म्हणून थोडें विषयांतर करतों. त्याचें चित्र जॉर्ज स्टब्स यानें काढलें. हा स्टब्स लिव्हरपूल येथें कातडें कमावणाऱ्या एका कारागिराच्या घरीं १७२४ सालीं जन्मला. इंग्लंडांत सरदार लोक आपल्या घोड्यांचीं चित्रें काढवून घेत, पण तीं बहुधा लांकडी खेळण्यासारखीं दिसत. स्टब्सनें हॉर्क्स्टो नांवाच्या खेड्यांत एक घर घेतलें, मेलेले घोडे छताला लोखंडी आंकड्यांनीं टांगले, आणि अठरा महिने एकेक थर सोलीत, एकेक स्नायु व शीर कागदावर उतरवीत बसला. त्या दुर्गंधीची कल्पनाच केलेली बरी. १७६६ सालीं त्याचें घोड्याच्या शरीररचनेवरील पुस्तक निघालें, आणि घोड्याचें चित्र ही एक विद्या झाली. त्यानें काढलेलें व्हिसलजॅकेट नांवाच्या घोड्याचें भव्य चित्र लंडनच्या राष्ट्रीय चित्रसंग्रहानें १९९७ सालीं १ कोटी १० लक्ष पौंडांस विकत घेतलें. तरीसुद्धां मौज अशी कीं धांवत्या घोड्याचे चारही पाय एकदम पुढेंमागें ताणलेले दाखविण्याची चाल इंग्रज चित्रकारांत त्यानंतरही शंभर वर्षें टिकली. १८७८ सालीं मायब्रिज नांवाच्या गृहस्थानें एकामागून एक झटपट छायाचित्रें घेतलीं, तेव्हां कळलें कीं घोडा भरधांव जातांना चारही पाय उचलतो खरा, परंतु त्या क्षणीं ते पोटाखालीं गोळा झालेले असतात! तोंपर्यंत कोणाच्याही डोळ्यांना तें दिसलें नव्हतें.

१८ जून १८१५ रोजीं पहाटेंच ड्यूक कोपनहेगनवर बसला, तो रात्र पडल्यावर उतरला. सुमारें पंधरा तास तो घोडा तोफांच्या धुरांत व चिखलांत इकडून तिकडे हिंडत होता. आजूबाजूचे अंमलदार पडले. घोडा व स्वार दोघेही अभंग राहिले. उतरल्यावर ड्यूकनें कौतुकानें त्याच्या पुठ्ठ्यावर थाप मारली, तर त्यानें अशी लाथ झाडली कीं ती लागती तर जें फ्रेंचांना साधलें नाहीं तें घोड्यानेंच साधलें असतें.

विजयाची बातमी लंडनला गेली तीही घोड्यांच्याच पायांनीं. मेजर पर्सी पत्र घेऊन निघाला. समुद्रांत वारा पडला, तेव्हां होडी वल्हवीत किनारा गांठला. आणि मग चार घोड्यांच्या गाडींत, फ्रेंचांचीं जिंकलेलीं गरुडचिन्हें खिडकींतून बाहेर डोकावत आहेत अशा थाटांत, २१ जूनच्या रात्रीं तो राजधानींत शिरला. तो काळ इंग्लंडांतील घोडागाड्यांच्या वैभवाचा होता. १७८४ सालीं ब्रिस्टलहून लंडनला टपालाची गाडी सोळा तासांत पोंचली, तेव्हांपासून देशभर अशा गाड्या सुरू झाल्या. चार घोडे, मागें कर्णा व बंदूक घेतलेला रखवालदार. कर्णा वाजला कीं नाक्याचें फाटक आधींच उघडावयाचें, आणि टप्प्यावर घोडे एकदोन मिनिटांत बदलावयाचे. जेम्स पोलार्ड नांवाच्या चित्रकारानें या गाड्यांचीं शेंकडों दृश्यें रंगविलीं. ताम्रपटावरून छापलेलीं तीं चित्रें खानावळींच्या भिंतींवर लागत. हल्लीं शौकीन लोक तीं जुन्या वस्तु म्हणून हौसेनें जमवितात. चित्रांतले घोडे तुकतुकीत असतात. वास्तविक जलद गाडीला जुंपलेलें जनावर तीन-चार वर्षांतच निकामी होई; तें कांहीं चित्रांत येत नाहीं. आमच्या इकडच्या टांग्याच्या घोड्याची ज्यांनीं कींव केली असेल, त्यांना हें निराळें सांगावयास नको.

या युगाचा शेवटही ड्यूकनें डोळ्यांनीं पाहिला. १८२८ सालीं तो मुख्य प्रधान झाला. १५ सप्टेंबर १८३० रोजीं लिव्हरपूल ते मँचेस्टर रेलगाडी सुरू झाली, त्या समारंभास तो हजर होता. त्याच दिवशीं हस्किसन नांवाचा एक मोठा राजकारणी पुरुष ड्यूकशीं बोलावयास रुळांवर उतरला असतां इंजिनाखालीं सांपडला व वारला. त्यानंतर कित्येक वर्षें ड्यूक रेलगाडींत पाय घालीत नसे. परंतु त्याच्या न बसण्यानें कांहीं थांबलें नाहीं. दहापंधरा वर्षांत मोठ्या रस्त्यांवरील टपालगाड्या एकामागून एक बंद पडल्या. आमच्या वऱ्हाडांतून नागपुरापर्यंत लोहमार्ग पोंचला तो १८६७ सालीं.

प्रधान म्हणून त्याचें यश संमिश्र आहे. १८२९ सालीं कॅथॉलिक लोकांवरील राजकीय बंधनें त्यानें स्वपक्षाचा रोष पत्करून काढविलीं, हें त्याला भूषणास्पद होय. परंतु सामान्य लोकांस मताचा अधिकार वाढवून देण्यास त्यानें कसून विरोध केला, तेव्हां ज्या लंडननें त्यास डोक्यावर घेतलें होतें, त्याच लंडनच्या जमावानें त्याच्या घराच्या खिडक्या फोडल्या, आणि त्यानें तेथें लोखंडी झडपा बसविल्या.

कोपनहेगनची म्हातारपणची पेन्शन मात्र सुखाची होती. ड्यूकच्या स्ट्रॅटफील्ड से येथील वाडीवर तो मोकळा चरत असे. डचेस बाईसाहेब त्यास रोज आपल्या हातानें पाव चारीत. भेटीस आलेल्या स्त्रिया त्याचे केस मागून नेत व त्यांचीं कंकणें करीत. १२ फेब्रुवारी १८३६ रोजीं तो मेला व त्यास लष्करी इतमामानें पुरण्यांत आलें. पुरतांना ड्यूकच्या लक्षांत आलें कीं त्याचा एक खूर कोणीं तरी कापून नेला आहे. ज्यानें आसई व वॉटर्लू शांतपणें पाहिलें, तो त्या दिवशीं संतापानें लाल झाला. पुढें कांहीं लोकांनीं घोड्याचा सांगाडा उकरून संग्रहालयांत ठेवावा म्हणून विनंती केली, ती त्यानें साफ नाकारली. चोरलेला खूर त्याच्या मृत्यूनंतर मुलाकडे परत आला, आणि मुलानें त्याची दौत करविली! नेपोलियनच्या मारेंगो घोड्याची दशाही तीच. त्याचा सांगाडा लंडनच्या लष्करी संग्रहालयांत उभा आहे, आणि एका खुराची चांदीनें मढविलेली तपकिरीची डबी झाली. जुन्या वस्तूंच्या शौकिनांस अशा गोष्टींचें फार अप्रूप. ज्या घोड्याला एका खुरासाठीं धनी रडकुंडीस आला, त्याच्या खुरांत टांक बुडवून पत्र लिहिणें आम्हांला तरी जमलें नसतें.

लॉरेन्स व वॉर्ड या नामांकित चित्रकारांनीं कोपनहेगनचीं चित्रें काढलीं. ड्यूकचे अश्वारूढ पुतळेही बरेच झाले. लंडनच्या रॉयल एक्स्चेंजसमोरच्या १८४४ च्या पुतळ्यांत खोगीर नाहीं, रिकीबही नाहीं. १८४६ सालीं त्याच्या घरासमोर कमानीवर जो अवाढव्य पुतळा चढविला, त्याची तर शहरभर थट्टा झाली, व १८८५ सालीं तो आल्डरशॉटच्या छावणींत हलविला. अमृतमहालच्या ज्या बैलांनीं म्हैसुरापासून सातपुड्यापर्यंत त्याच्या तोफा आणल्या, त्यांचा पुतळा करावा असें मात्र कोणाच्याही मनांत आलें नाहीं.

१४ सप्टेंबर १८५२ रोजीं वयाच्या ८३ व्या वर्षीं ड्यूक वारला. १८ नोव्हेंबरला त्याची अंत्ययात्रा निघाली. तोफांच्या धातूपासून ओतलेला गाडा इतका जड होता कीं बारा दांडगे घोडे जुंपले असूनही तो वाटेंत चिखलांत रुतला, आणि माणसांनीं दोर लावून तो बाहेर काढला. गाड्याच्या मागून मोतद्दारानें ड्यूकचा रिकामा घोडा चालवीत आणला. त्याच्या रिकिबींत धन्याचे बूट उलटे अडकविलेले होते.